ताडोबाच्या वेशीवर कमी खर्चात टेंटमध्ये राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहर्ली, आगरझरी, कोलारा, झरी या ताडोबाच्या गेटांच्या बाजूला साध्या टेंटमध्ये उतरायचं ठरवलेल्या लोकांकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. वाचायला वेळ कमी असेल तर पैशांचे प्रश्न सोडा, पण ८, ९ आणि १० नंबरचे प्रश्न सगळ्यांनी वाचा, सोबतच्या मुलांनाही वाचून दाखवा.

१. ताडोबाच्या आतच टेंट टाकून राहता येतं का?

नाही. कोअर म्हणजे गाभ्याचं जंगल सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथे पर्यटकाला मुक्काम नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जिप्सीतून, गाईडसोबत आत जायचं आणि वेळ संपायच्या आत गेटबाहेर यायचं. टेंट असतात ते भोवतालच्या बफरमधल्या गावांत, शेतांच्या कडेला किंवा वनविभागाच्या निसर्ग पर्यटन संकुलांत.

मात्र ‘बफर’ या शब्दाने बरेच जण गाफील राहतात. बफर हेही जंगलच आहे आणि कोअरपेक्षा मोठं आहे. १९५५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. या सगळ्या रेषा कागदावर आहेत, जमिनीवर कुंपण नाही. वाघीण बछड्यांना घेऊन बफरमध्येही राहते, गावाच्या तलावावर पाणीही पिते. तुमचा टेंट तिच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून फार लांब नसतो. पुढची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. कोणत्या गेटजवळ राहावं?

ज्या गेटची सफारी मिळाली त्या गेटजवळ. आधी सफारी, मग टेंट. उलटं केलं की फसगत होते. नकाशात मोहर्ली आणि कोलारा ही एकाच जंगलाची दोन टोकं दिसतात, पण मधला रस्ता तुमच्या गाडीसाठी नाही. बाहेरून भद्रावती, वरोरा, चिमूर असं फिरून जायला दोन-तीन तास मोडतात. पहाटेच्या सफारीसाठी हा प्रवास रात्री करावा लागेल आणि तो करूच नये.

चंद्रपूरहून येणाऱ्यांना मोहर्ली किंवा आगरझरी बरी. नागपूरहून उमरेड, भिसी, चिमूर मार्गे येणाऱ्यांना कोलारा आणि नवेगाव जवळ पडतात. सगळ्यात जास्त सोय आणि सगळ्यात जास्त गर्दी, दोन्ही मोहर्लीत. शांतता हवी असेल तर झरी किंवा पांगडीकडे बघा, पण तिथे दुकान-हॉटेल धरून चालू नका.

३. ‘बेसिक टेंट’ म्हणजे नेमकं काय मिळतं?

जाड कापडाचा तंबू, त्यात दोन लोखंडी खाटा, गादी, चादर, ब्लँकेट, एक दिवा, एक पंखा आणि उन्हाळ्यात बहुधा कूलर. कुठे खाली शहाबादी फरशी, कुठे सारवलेली जमीन. संडास-बाथरूम काही ठिकाणी टेंटला जोडून, पण स्वस्तातल्या जागी सामाईक आणि थोडं लांब. गरम पाणी चुलीवरचं, बादलीने.

फोनवर दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. झोपायला खाट आहे की जमिनीवर गादी? मच्छरदाणी आहे का? संडास टेंटपासून किती पावलांवर आहे आणि वाटेत रात्रभर दिवा असतो का? आवाराला कुंपण आहे का आणि रात्री कोणी माणूस जागा असतो का? ही उत्तरं गुळमुळीत आली तर शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन दुसरी जागा घ्या. जमिनीवर झोपायचं असेल तर मी स्वतः ती जागा घेणार नाही. कारण १०व्या उत्तरात आहे.

४. दोन दिवसांचा खर्च किती धरावा?

खर्चाचा मोठा भाग टेंटचा नसतो, सफारीचा असतो. कोअरच्या अख्ख्या जिप्सीत प्रवेश, गाडीभाडं आणि गाईड मिळून हजारांत रक्कम जाते, आणि शनिवार-रविवारी ती आणखी वाढते. दर बदलत राहतात, म्हणून आकडा अधिकृत संकेतस्थळावरच बघा.

पैसे वाचवायच्या खऱ्या जागा वेगळ्या आहेत. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, तेव्हा सहा जणांचा गट जमवा. शनिवार-रविवार टाळून बुधवार-गुरुवार धरा. कोअरची एकच सफारी घ्या आणि दुसरी बफरची घ्या. बफर स्वस्त पडतं आणि तिथे वाघ कमी दिसतो हा समज आता जुना झाला. टेंटमध्ये मात्र घासाघीस करू नका. त्यातले बरेचसे गावातल्याच कुटुंबांचे आहेत, आणि या कुटुंबांच्या शेताची नासधूस रानडुकरं वर्षभर करत असतात. जंगल राहिलं तर चार पैसे मिळतात हे त्यांना पटत राहायला हवं, आणि ते तुमच्या मुक्कामाच्या पैशांनीच पटतं.

५. सफारीचं बुकिंग टेंटवाला करून देईल का?

देईल, पण स्वतः करा. नावं आणि ओळखपत्राचा नंबर बुकिंगच्या वेळीच द्यावा लागतो आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. झेरॉक्सवर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका. एका नावाच्या जागी दुसरा माणूस बसवता येत नाही. “गेटवर बघू, होऊन जाईल” असं म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या कोअरच्या जागा फार लवकर भरतात.

६. कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते जानेवारी हवा छान, पण टेंटमधली रात्र बोचते. डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो आणि पहाटेच्या उघड्या जिप्सीत त्याहून जास्त झोंबतो. कानटोपी, हातमोजे आणा आणि एक ब्लँकेट जास्त मागून घ्या.

एप्रिल-मे मध्ये पाणवठे आटतात, जनावर पाण्यावर येतं आणि वाघ दिसायची शक्यता वाढते. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या पुढचा मामला. दुपारी बारा ते चार टेंटमध्ये बसवत नाही. कूलर नसेल तर सावलीचं झाड आणि ओला पंचा एवढाच उपाय. पुण्या-मुंबईकडून पहिल्यांदा येणाऱ्यांनी लहान मुलांना घेऊन मे मध्ये टेंटमध्ये राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मला विचाराल तर मार्च. पळस फुललेला असतो आणि मोह गळायला लागलेला असतो. मोहाच्या झाडाजवळ टेंट असेल तर पहाटे छतावर टप, टप असा आवाज येतो. पावसासारखा सलग नाही, एकेक थेंबासारखा सुटा. ती रसाळ, पिवळसर फुलं. उजाडताना गावातल्या बाया टोपल्या घेऊन येतात आणि खाली वाकून ती वेचायला लागतात. हा हंगाम त्यांच्या घरच्या मिळकतीचा मोठा आधार असतो, आणि वाघ-अस्वलाच्या तावडीत सापडायचा धोकाही याच दिवसांत वाढतो. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. त्यांचे फोटो काढायला मागे मागे फिरू नका.

७. स्वतःची गाडी नाही. एसटीने पोचता येतं का?

मोहर्लीला येतं. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही दोन्ही मोठी रेल्वे स्टेशनं आहेत. चंद्रपूर बसस्थानकावरून मोहर्लीची एसटी मिळते. अंतर साधारण तीस किलोमीटर, बराचसा रस्ता जंगलातून. फेऱ्या थोड्या आहेत, म्हणून वेळ टेंटवाल्याला आदल्या दिवशी विचारून घ्या आणि दुपारच्या गाडीच्या पुढे जाऊ नका. रोख पैसे चंद्रपुरातच काढा. मोबाइलची रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देणंही थांबतं. कोलाऱ्याकडे जायला चिमूरपर्यंत एसटी आणि पुढे टेंटवाल्याची गाडी, हे आधीच ठरवून घ्यावं लागतं.

८. रात्री टेंटपर्यंत वाघ येतो का?

आवाराच्या जवळून जाऊ शकतो. बिबट्या तर गावात कुत्र्या-कोंबड्यांसाठी येतोच. पण झोपलेल्या माणसाला टेंटमधून उचलायला वाघ किंवा बिबट्या सहसा येत नाही. टेंट त्याच्यासाठी एक अनोळखी बंद वस्तू आहे आणि माणसांचा वास, उजेड, हालचाल त्याला नको असते. धोका असतो तो अचानक समोरासमोर येण्याचा, म्हणजे अंधारात, झुडपाजवळ, एकट्याने किंवा वाकून बसलेलं असताना.

म्हणून गावाचा नियम तोच तुमचा. दिवस मावळला की आवाराच्या बाहेर पाय नाही आणि उजाडेपर्यंत तसंच. जेवणानंतरची शतपावली रस्त्यावर नाही, फक्त दिव्याखाली. मुलं अंधार पडायच्या आत मोठ्यांच्या नजरेसमोर. मोबाइलवर बोलत बोलत रेंज शोधत कुंपणापर्यंत जाणारे लोक नेहमी दिसतात. हे तर मुळीच करू नका.

रात्री आवाज येतील. चितळाची तीक्ष्ण शीळवजा हाक, वानराची खोक, सांबराचा मोठा, घुमणारा ‘ढांक’. हे इशारे आहेत, जवळपास वाघ किंवा बिबट्या आहे असं ही जनावरं एकमेकांना सांगत असतात. सांबर उगाच ओरडत नाही. अशा वेळी टेंटची चेन लावून आत पडून ऐका. हा अनुभव सफारीत मिळत नाही. बॅटरी घेऊन “बघू तरी” म्हणत बाहेर निघणं हाच खरा धोका.

खाण्याचं काहीही टेंटमध्ये ठेवू नका. फळं, बिस्किटं, मिठाई, सगळं स्वयंपाकघरात द्या. अस्वल वासाने येतं, आणि इथली जुनी माणसं अस्वलाला वाघापेक्षा जास्त भितात. वाघ बहुतेक वेळा वाट सोडतो, अस्वल दचकलं की अंगावर येतं. दिवसा हेच काम वानरं करतात, चेन उघडी दिसली की बॅग रिकामी.

९. मग रात्री संडासला जायचं झालं तर?

एकट्याने नाही. सोबत्याला उठवा, लाज बाळगू नका. आतूनच दोन शब्द मोठ्याने बोला, चेन उघडण्याआधी बॅटरीचा झोत जाळीतून चौफेर फिरवा, मग बाहेर पाय टाका. काठी जमिनीवर आपटत चाला. गावातले म्हातारे हेच करतात, खाकरत आणि काठी वाजवत. वाटेवरच्या जनावराला, आणि सापालाही, बाजूला व्हायला तेवढा वेळ मिळतो. लहान मुलांना टेंटच्या मागे झुडपापाशी बसवणं पूर्ण बंद. खाली बसलेलं मूल जनावराला लहान सावजासारखं दिसतं. एक झाकणाची बादली किंवा मुलांचं पॉट टेंटमध्येच ठेवलेलं सगळ्यात चांगलं.

१०. साप-विंचवाची भीती वाटते. काय काळजी घ्यायची?

भीती योग्य जागी आहे. वाघापेक्षा ही काळजी जास्त महत्त्वाची.

मण्यार हा साप रात्री फिरतो. काळा, अंगावर बारीक पांढरे पट्टे. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, माणूस कुशीवर वळला की चावतो. चावा जवळजवळ दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. म्हणून खाट आणि मच्छरदाणी. मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी. नुसती लोंबती मच्छरदाणी डासालाही अडवत नाही. चादरीचं टोक जमिनीला टेकू देऊ नका आणि झोपताना चेन तळापर्यंत ओढा.

बूट टेंटच्या आत, उलटे करून ठेवा. सकाळी आपटून मगच पाय घाला. विंचू बुटात आणि जमिनीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलखाली सापडतो. सरपणाच्या ढिगात हात घालू नका.

चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका आणि सरळ रुग्णालय गाठा. मोहर्ली-आगरझरीकडून चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय धरा. १०८ वर फोन करा, पण टेंटवाल्याची गाडी तयार असेल तर तिनेच निघा आणि वाटेत फोन करा. साप मारून नेण्यात वेळ घालवू नका. “काही होत नाहीये, सकाळी बघू” हे वाक्य मण्यारीच्या बाबतीत जिवावर बेततं. झोपेतून पोटदुखीने उठलेल्या माणसाच्या पापण्या जड होत असतील तर खूण दिसो न दिसो, निघा.

११. शेकोटी, गाणी, स्पीकर चालतं का?

स्पीकर नाही. शेकोटी फक्त टेंटवाला ठरवलेल्या जागी करून देईल तर, तीही थंडीत. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत वणव्याचे दिवस असतात. एक ठिणगी वाळलेल्या पाचोळ्यात गेली की रात्रभर वनरक्षक आणि गावकरी झाडाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत बसतात. सिगारेटचं थोटूक पाण्यात विझवून डब्यात टाका. कुठे धूर किंवा आग दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

१२. जेवण कसं असतं?

घरगुती. भात, तुरीचं वरण, पोळी किंवा भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. आधी सांगितलं तर झुणका, आणि बाईंना वेळ असेल तर गोळाभात. मांसाहार सांगून ठेवावा लागतो. तिखट कमी हवं असेल तर पहिल्या जेवणाआधीच सांगा. पहाटेच्या सफारीआधी चहा-बिस्किटांपलीकडे काही मिळणार नाही. पिण्यासाठी जारचं पाणी आहे ना, हे विचारून घ्या.

१३. लहान मूल किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील तर?

आई-वडिलांना जोडून संडास असलेलाच टेंट घ्या, किंवा गावातल्या होमस्टेतली पक्की खोली घ्या. पैशांत फार फरक पडत नाही. रांगतं मूल असेल तर पक्की खोलीच. मोठी मुलं टेंटमध्ये मजेत राहतात. फक्त नववा प्रश्न त्यांच्यासोबत वाचा. कंबरदुखी असणाऱ्यांनी सलग दोन सफाऱ्या घेऊ नयेत, जिप्सी चार-चार तास हादरते.

१४. दारूबंदी आहे का?

चंद्रपूर जिल्ह्यातली २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठली. तरी बहुतेक कौटुंबिक टेंटवाल्यांना आवारात दारू नको असते. त्यांचा मान ठेवा. शिवाय ८व्या उत्तरातली सगळी सावधगिरी शुद्धीत असलेल्या माणसासाठीच आहे.

१५. मंगळवारी पोचतोय. चालेल ना?

राहायला चालेल, कोअर दर मंगळवारी बंद असतं. बफरच्या गेटचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, बुकिंग करताना बघा. हा दिवस वाया जात नाही. चंद्रपुरात गोंड राजांचा परकोट, जटपुरा दरवाजा, महाकाली मंदिर आणि अंचलेश्वर आहे. भद्रावतीला विजासन लेणी आणि जैन मंदिर. वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन. यातलं काहीही घ्या, पण अंधार पडायच्या आत टेंटवर परत या.

१६. जुलै-ऑगस्टमध्ये टेंट फार स्वस्त सांगतात. यावं का?

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं, म्हणून स्वस्त. बफरच्या सफाऱ्या पावसाच्या कृपेने चालतात, जोराचा पाऊस झाला की रस्ते बंद. वाघासाठी येऊ नका. हिरवं रान, पाखरं, फुलपाखरं आवडत असतील तर या, पण फरशी असलेला, उंचावरचा टेंट घ्या. इथली काळी माती भिजली की गाडी रुतते, म्हणून गाडी डांबरी रस्त्यालगत लावा. पावसात साप बिळातून बाहेर पडतात. १०वं उत्तर दुप्पट लागू.

१७. स्वतःचा टेंट आणला तर कुठे टाकता येईल?

तलावाकाठी, रस्त्याकडेला किंवा जंगलाच्या जमिनीवर कुठेही नाही. ते बेकायदा आहे आणि जिवाला धोकाही. चालू कॅम्पच्या आवारात मालकाने परवानगी दिली तरच, बाकीच्या टेंटच्या मधोमध. कडेची जागा नाही, आणि खाट मागून घ्या.

१८. आमचा कुत्रा माणसाळलेला आहे, आणला तर?

आणू नका. बिबट्याचं ते आवडतं खाणं. तुमच्यासोबत बाकीच्यांचेही टेंट धोक्यात येतात. कुत्र्यांचे आजार रानकुत्र्यांना लागतात तो भाग वेगळाच.

१९. सफारीत वाघ दिसला नाही तर पैसे परत मिळतात का?

नाही, आणि मिळूही नयेत. गाईडला “वाघ दाखव” म्हणून टोचत राहिलात तर जिप्स्या पळत राहतात आणि बाकी जंगल हातचं जातं. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याकडेला गोंडकाळातले दगडी खांब दिसतात, ते काय आहेत हे गाईडला विचारा. वाघाशी लढताना मेलेल्या तारू या गोंड वीराच्या नावावरून ताडोबा हे नाव पडलं असं इथे मानतात. त्याचं ठाणं तलावाकाठी आहे आणि पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरते.

२०. रात्री कोणी “चला, गाडीतून फिरून येऊ, बॅटरी मारून वाघ दाखवतो” म्हणालं तर?

साफ नाही म्हणा. वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्री जंगलात गाडी घालून जनावरांवर झोत मारणं हा गुन्हा आहे. सापडलात तर गाडी जप्त होते आणि गाडीत बसलेलेही अडकतात. रस्त्यात बछडी असलेल्या वाघिणीला डिवचलं तर ती दुसऱ्या दिवशी मोह वेचायला आलेल्या बाईवर धावून येऊ शकते, तेव्हा तुम्ही नागपूरच्या वाटेवर असता. असा आग्रह टेंटचा मालकच करत असेल तर सकाळी जागा बदला आणि गेटवरच्या वनरक्षकाला किंवा १९२६ वर सांगा. चांदण्या रात्री जंगल खरंच अनुभवायचं असेल तर बुद्धपौर्णिमेला बफरमधल्या मचाणांवर वनविभाग ‘निसर्गानुभव’ हा उपक्रम घेतो. त्याची नोंदणी आधी करावी लागते, जागा थोड्या असतात, आणि त्या रात्रीसाठी टेंट लागत नाही.